जुनी सायकल घेऊन राहिले का? मग पैसे देण्याआधी हे वाचून घ्या

दर दोन-चार महिन्यांनी कोणाचा ना कोणाचा फोन येते, "दादा, एक जुनी रॅले दिसून राहिली, फोटो पाठवतो, घेऊ का?" आता फोटोवरून मी काय सांगणार, संध्याकाळच्या उन्हात भिंतीला टेकवून फोटो काढला तर भंगारातली सायकलही राजबिंडी दिसते. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढतो, म्हणजे नवीन माणसाला स्वतःच्या डोळ्याने पाहता येईल. मी नागपूरचाच, बारा-तेरा वर्षं झाली जुन्या सायकली शोधतो, खोलतो, जोडतो, आणि मुख्य म्हणजे चालवतो, शोकेसमध्ये ठेवत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. जे सामान आजही दुकानात मिळते ते खराब असलं तरी घाबरू नका, आणि जे मिळत नाही ते जीव लावून पाहा. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, स्पोक, ब्रेकचे रबर, कॉटर (क्रँक म्हणजे पेडलचा दांडा एक्सलवर पक्का धरणारी पाचर), छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या), हे सगळं आपल्याकडे कोणत्याही बऱ्या दुकानात मिळते कारण काळी रोडस्टर सायकल आपल्या देशात अजूनही बनते. पण सरळ फ्रेम, सरळ चिमटा (समोरचं चाक धरते तो फोर्क), कंपनीचा समोरचा पितळी बिल्ला, नक्षीचं चेनव्हील, मूळ मडगार्ड, बंद चेनकव्हर, कातडी सीटचा सांगाडा, हे गेलं म्हणजे गेलं, मग वर्षभर शोधत बसा. नवीन लोक नेमकं उलटं करतात, फाटका टायर पाहून सायकल सोडून देतात आणि चकचकीत रंग पाहून वाकडी फ्रेम घरी आणतात.

आधी ठरवा, नेमकी कोणती पाहिजे

"व्हिंटेज पाहिजे" एवढ्याने काम होत नाही. ढोबळ मानाने आपल्याकडे दोन जातीच्या जुन्या सायकली सापडतात. एक ती उंच काळी रोडस्टर, सळईचे ब्रेक म्हणजे रॉड ब्रेक, २८ दीडचे टायर, वजन साधारण २० किलो, आजोबा लोक धोतराचा सोगा सांभाळत जिच्यावर कचेरीत जायचे ती. दुसरी थोडी हलकी, २६ × १ ३/८ टायरची, वायरच्या ब्रेकची, आणि नशीब असेल तर मागच्या हबमध्ये तीन गिअरवाली. बीएसए एसएलआर ही पण या दुसऱ्या मापाचीच, आमच्या पिढीतल्या कितीतरी पोट्ट्यांची पहिली मोठी सायकल तीच होती.

नवीन माणसाने भारतीय रोडस्टरपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. विलायती सायकलचं वेड सगळ्यांनाच असते, मलाही आहे, पण पहिली सायकल म्हणजे शाळा, तिच्यावर हात बसू द्या. आणि भारतीय सायकलींना इतिहास नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला नीट माहीत नाही. मुंबईत हिंद सायकल बनायची, आसनसोलला सेन-रॅले, १९४९ साली मद्रासमध्ये टीआय सायकल्स सुरू झाली जिथून हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए निघाल्या, १९५१ साली सोनिपतची ॲटलस, १९५६ साली लुधियान्याची हिरो. हिंद आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांचं १९८० मध्ये सरकारने कायदा करून राष्ट्रीयीकरण केलं, आणि ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. म्हणजे ज्या ॲटलसला लोक आज "साधी सायकल" म्हणून भंगारात देऊन राहिले तीही आता दुर्मिळ होत जाणार, हे मी मनापासून सांगून राहिलो.

फ्रेमचं माप पण आधीच ठरवा. पेडलच्या एक्सलच्या, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणाऱ्या एक्सलच्या, मधोमधपासून सीटची नळी वर जिथे संपते तिथपर्यंत टेप लावा, बहुतेक २२ नाहीतर २४ इंच येईल. २४ इंची दिसायला भारी पण दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दांडीच्या दोन्हीकडे उभं राहता आलं नाही तर ती तुमची नाही, कितीही सुंदर असो. साडेपाच फुटाच्या आसपासच्या माणसाने २२ च घ्यावी. लहानपणी कैची मारत चालवली ती गोष्ट वेगळी, आता सिग्नलवर उतरायचं असते.

कुठे शोधायची

ॲपवर पाहाच, पण तिथे "अँटिक" लिहिलं की किंमत आपोआप चढते आणि विकणाऱ्याला स्वतःलाच काय विकून राहिलो ते माहीत नसते. खरी सायकल माणसांच्या मार्फत सापडते, पायी फिरल्याने सापडते.

नागपूर हे सायकलवाल्यांचंच शहर होतं. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल, मॉडेल मिल, रेल्वे, आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असल्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्या, कामठीची छावणी, मग अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, एवढी सगळी नोकरदार मंडळी जायची कशाने, सायकलनेच. माझे आजोबा सांगायचे की मिलचा भोंगा झाला की रस्त्यावर नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. त्या सायकली सगळ्या वितळल्या नाहीत. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या जिन्याखाली, अजनीकडच्या जुन्या क्वार्टरांच्या मागच्या अंगणात, कामठीत, सावनेर-काटोल-उमरेडकडे शेतातल्या घरी, धान्याच्या पोत्यामागे उभ्या आहेत.

तर करायचं असं. आपल्या भागातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सायकल मिस्त्रीकडे जा, एखादं पंक्चर काढून घ्या, चहा पाजा आणि सांगून ठेवा की काकाजी, जुनी सायकल कोणी विकून राहिलं तर मला सांगजा. नंबर कागदावर लिहून द्या, त्यांच्या डब्ब्यात राहते. कोणाच्या घरी कोणती सायकल उभी आहे हे मिस्त्रीला तोंडपाठ असते कारण तिची शेवटची ओव्हरहॉलिंग त्यानेच केली असते. दुसरं, जुनं घर पाडून फ्लॅट स्कीम होत असेल तिथे चौकशी करा, घर रिकामं करताना सायकल पहिले बाहेर निघते. तिसरा भंगारवाला, पण त्याच्याकडे आधीच सांगून ठेवावं लागते, कारण एकदा घणाने चिमटा वेगळा केला की मग काही अर्थ राहत नाही.

दूधवाल्याची सायकल मिळून राहिली असेल तर जरा जपून. ती मजबूत असते, कधीकधी दोन दांड्यांची असते, पण तिने वर्षानुवर्षं दोन्हीकडे भरलेले कॅन वाहिलेले असतात. मागच्या बारीक नळ्या, कॅरिअरचे जोड आणि मागचा एक्सल दहा वेळा पाहा.

पाहायला जाताना सोबत काय न्यायचं

फ्रिजला लावतो तसं एक छोटं चुंबक, सुती दोरी पाच-सहा मीटर, मोजायचा टेप, एक ॲडजस्टेबल पाना, टॉर्च, जुना कपडा, आणि थोडंसं तेल. हवा भरायचा पंप असेल तर उत्तम. सकाळी जा, उजेडात पाहा, रात्री ट्यूबलाइटखाली सायकल घेऊ नका, आणि मे महिन्यात दुपारी तर नकोच, ४५ डिग्रीत माणूस घाई करते आणि घाईत हो म्हणते.

फ्रेम, इथेच सगळा वेळ घाला

माझी पहिली सायकल मी रंगावर भाळून घेतली. काळा चकचकीत रंग, सोनेरी रेघा, विकणारा म्हणे घरचीच आहे, वडिलांची. दोन महिन्यांनी सीटखालच्या जोडापाशी रंग फुगला, खरवडून पाहिलं तर आत तुटलेल्या नळीवर वेल्डिंग आणि वरून गाडीच्या डेंटिंगवाले लावतात ती लांबी भरलेली. मिस्त्रीने काहीच म्हटलं नाही, फक्त स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "रंग नका पाहू भाऊ, नळी पाहा." तेव्हापासून ते चुंबक माझ्या पिशवीत आहे.

तर चुंबक प्रत्येक नळीवरून, प्रत्येक जोडावरून हळूहळू फिरवा. पोलाद आहे तिथे सगळीकडे सारखं खेचलं पाहिजे, जिथे अचानक ढिलं पडते तिथे लांबी भरलेली आहे. हेच चुंबक समोरच्या बिल्ल्यालाही लावा, खरा पितळी बिल्ला चुंबकाला चिकटत नाही, पत्र्याचा नकली चिकटते.

मग अपघाताच्या खुणा. हँडलखाली जी उभी आखूड नळी आहे, तिच्या लगेच मागे, वरच्या दांडीच्या आणि खालच्या तिरप्या नळीच्या पोटाला बोट फिरवा, डोळे मिटून फिरवा, बोटाला जास्त कळते. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली म्हणजे सायकल समोरून जोरात आदळलेली आहे. त्यासोबत चिमटा बाजूने पाहा, हँडलखालची नळी ज्या रेषेत खाली येते त्याच रेषेत चिमटा थोडं खाली जाऊन मग समोर वळला पाहिजे, मागे दबलेला दिसला तर तो वाकला. चिमटा एकवेळ सरळ होते, चांगला माणूस पाहिजे, पण नळ्याच फुगल्या असतील तर नमस्कार करून निघा.

फ्रेम आडवी वाकली का हे पाहायला दोरी. मागच्या एक्सलजवळ एका बाजूला दोरी बांधा, समोर नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा द्या, दुसऱ्या बाजूने परत मागच्या एक्सलपाशी आणून घट्ट ताणा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर मोजा. सारखं यायला पाहिजे, दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, सात-आठ आला तर नाही. एवढं करताना विकणारा तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहणार, पाहू द्या, समजावून सांगा, बहुतेक वेळा तो स्वतःच दोरीचं दुसरं टोक धरते.

गंजाबद्दल आपण नशीबवान आहोत. मुंबई-कोकणातल्या सायकलीला खारी हवा खाऊन टाकते, आपल्याकडची कोरडी हवा लोखंडाला बरी. पण न्हाणीच्या भिंतीला उभी राहिलेली असेल तर गोष्ट वेगळी, पाणी सीटच्या नळीतून उतरून खाली पेडलच्या एक्सलच्या डब्यात साचते. तिथे खालून टॉर्च मारा, नाण्याने ठोकून ऐका, घट्ट टणटण आवाज आला पाहिजे, भसका आला तर नळी आतून पातळ झाली.

सीटचा खांब आणि हँडलचा खांब वर-खाली होतात का तेही आत्ताच पाहा, घरी जाऊन नाही. नट ढिला करा, थोडं तेल सोडा, सीट डावी-उजवीकडे फिरवा. हँडलसाठी वरचा बोल्ट दोन आटे सोडून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकी ठोक. जाम असतील तर सायकल टाकून देऊ नका, पण भाव कमी झाला पाहिजे, कारण ते काढण्यात दिवस जातात आणि जोर लावून काढताना फ्रेम वाकवलेली पण मी पाहिली आहे.

खरी विलायती की आपल्याकडची

हा प्रश्न सगळ्यांना पडते आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. बगळा दिसला की लोक "इंग्लंडची रॅले" म्हणून पैसे मोजतात. बगळा हे रॅलेचं चिन्ह, चेनव्हीलवरही तोच कापलेला असते, पण आसनसोलची सेन-रॅले रॅलेच्याच नावाने सायकल बनवायची, म्हणून नुसता बगळा पुरावा होत नाही. बिल्ल्यावर, मागच्या हबवर, क्रँकवर, पंपाच्या खुंटीपाशी, जिथे जिथे अक्षरं कोरलेली आहेत ती कपड्याने पुसून वाचा, नॉटिंगहॅम (इंग्लंडमधलं रॅलेचं गाव) आहे का इंडिया आहे. आणि एकाच जागी इंग्लंड लिहिलं म्हणून खुश होऊ नका, सत्तर वर्षांत चाकं, क्रँक, सीट सगळं बदललेलं असू शकते.

मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर, म्हणजे गिअरचे हब बनवणारी विलायती कंपनी, लिहिलं असेल तर मजा आहे. तीन गिअरच्या एडब्ल्यू मॉडेलच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असते, म्हणजे ५८ आणि ४ दिसलं तर एप्रिल १९५८. ते वय हबचं मात्र, सायकलचं असेलच असं नाही. फ्रेमचा नंबर वेगळा, तो सीटच्या जोडावर, खाली एक्सलच्या डब्यावर किंवा मागे चाक बसते तिथल्या पट्टीवर सापडते, रंगाखाली दबला असेल तर बोटाने चाचपा.

विलायती घेणार असाल तर एक इशारा नीट लक्षात ठेवा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचे आटे बाकी जगापेक्षा वेगळे होते, पेडलच्या डब्याला आणि हँडलच्या कपला (छर्रे बसतात त्या वाटीला) इंचात २६ आटे, इतरांचे २४. दुकानातला नवीन कप त्यात बसत नाही, आणि मिस्त्रीने जबरदस्तीने फिरवला तर डब्याचे आटेच जातात, मग फ्रेम कायमची बाद. म्हणून जुने कपच साफ करून परत वापरायचे, छर्रे तेवढे नवीन टाकायचे, एक्सलला पाव इंची, दोन्हीकडे ११-११.

चाकं, चेन, पेडल

आता जरा भराभर. चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबराजवळ डोळा ठेवा, डावी-उजवीकडे डोलत असेल तर चाक आऊट आहे, पण आऊट काढता येते, घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते रिमला, स्पोकच्या भोकांपाशी चिरा असतील किंवा गंजाने पापुद्रे सुटत असतील तर रिम बदलावी लागेल. स्पोक मोजा, जुन्या पद्धतीत समोर ३२ आणि मागे ४० असतात, दोन्हीकडे ३६-३६ निघाले तर चाकं बदललेली असण्याची शक्यता जास्त. एक्सल धरून चाक बाजूला हलवा, खटखट झाली तर कोन (हबमधले छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) ढिले, घट्ट करून गेली तर ठीक, फिरवताना कुरकुर-कचकच आली तर आत कोन खाल्लेले.

चेनवर टेप लावा, एका पिनपासून १२ इंचावर बरोबर दुसरी पिन आली पाहिजे, १२ च्या पुढे इंचाचा आठवा भाग सरकली तर चेन गेली. चेन स्वस्त आहे, पण तिने चेनव्हीलचे दात शार्कसारखे टोकदार केले का ते पाहा, कारण बगळ्याचं चेनव्हील स्वस्त नाही, मिळतच नाही.

दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत आहेत का बघा, एक थोडा पुढे दिसला तर कॉटर झिजले किंवा चुकीचे ठोकले. पेडल मारताना प्रत्येक फेरीत एकदा टक् होते तेही बहुतेक कॉटरचंच. दहा मिनिटांचं काम आहे, पण तिथल्या तिथे कोणाला हातोड्याने ठोकू देऊ नका, क्रँकच्या खाली लोखंडी पाईपचा जाड तुकडा उभा टेकवल्याशिवाय ठोकलं तर सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर आणि कपवर जाते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हेही सांगून ठेवतो, दरवर्षी कोणीतरी सोडवायच्या नादात अजूनच आवळते.

टायरच्या मापाची गडबड तर इतकी आहे की बस. आपल्या २८ दीडच्या रोडस्टरला ६३५ चं टायर लागते, हा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असते. नवीन हायब्रिड सायकलचं ७०० सी टायरही काही जागी २८ इंची म्हणूनच विकतात पण ते ६२२, बसणार नाही. तसंच २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, आणि डोंगरी एमटीबीचं २६ × १.९५ म्हणजे ५५९, नावात दोन्ही २६, एकमेकांना अजिबात लागत नाहीत. दुकानात इंच सांगू नका, हे तीन आकडी नंबर सांगा.

आणि आपल्या उन्हाने काय केलं ते पाहा. लोखंड वाचते पण रबर आणि कातडं वाळून कडक होते. टायर कसेही असोत, बदलायचेच आहेत असं धरून चला. कातडी सीट मात्र नीट पाहा, ब्रुक्स या विलायती कंपनीसारखी जुनी सीट असेल तर तीच अर्ध्या सायकलीच्या मोलाची. रिबिटांभोवती चीर गेली असेल तर वाचत नाही, नुसती कोरडी आणि फिकी पडली असेल तर थोडं-थोडं तेलपाणी करून, उन्हापासून दूर ठेवून सुधरते. तिला पाण्यात भिजवू नका आणि तेलात बुडवूही नका, मग ती पाळण्यासारखी लोंबते.

चालवून पाहा, मगच बोला

हवा भरा आणि निदान एक किलोमीटर चालवा. सपाट रस्त्यावर एका हाताने, मग जमत असेल आणि रस्ता मोकळा असेल तर क्षणभर दोन्ही हात हलके करून, सायकल एका बाजूला ओढते का. ब्रेक हळूच लावा, क्रोमच्या रिमवर रॉड ब्रेक कोरड्यात बरा, ओल्यात फारच कमी, हे तिचं दुखणं नाही तिचा स्वभाव आहे, पावसाळ्यात अंतर ठेवून चालवायची.

तीन गिअरची असेल तर छोटा चढ शोधा, सेमिनरी हिल्सच्या बाजूला राहत असाल तर उत्तमच. पहिला गिअर सरळ, म्हणजे दुसऱ्या गिअरच्या ७५ टक्के, तिसरा १३३ टक्के, म्हणजे फरक पायाला स्पष्ट कळायला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे पेडल अचानक मोकळं सुटलं तर लोक म्हणतात हब गेला. बहुतेक वेळा हब गेलेला नसते, वायर ढिली असते, त्या हबमध्ये दोघांच्या मधे एक रिकामी जागाच आहे. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, उजव्या बाजूच्या नटाच्या भोकातून पाहा, बारीक साखळी ज्या दांडीला जोडलेली आहे त्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाच्या बरोबरीत आला पाहिजे, नसेल तर वायर ताणून आणा आणि परत चालवा. इथे सावध मात्र राहा, सुटताना माणूस दांडीवर आपटते, म्हणून बसूनच चालवा, उभं राहून जोर नका लावू.

भाव

मी आकडा सांगणार नाही, रोज बदलते आणि माणसागणिक बदलते, पण काढायचा कसा ते सांगतो. खालची हद्द भंगाराची, २० किलो लोखंडाला आज भंगारवाला काय देते ते विचारा, त्याच्या खाली कोणी विकणार नाही. मग कागदावर लिहा काय काय बदलावं लागेल, दोन टायर, दोन ट्यूब, चेन, छर्रे, कॉटर, ब्रेक रबर, मजुरी, आणि मिस्त्रीकडून प्रत्येकाचा भाव आधीच विचारून ठेवा. चालू स्थितीतली तशी सायकल ज्या भावात जाते त्यातून हा खर्च वजा करा, राहिला तो तुमचा आकडा. न मिळणारं सामान पूर्ण असेल, बिल्ला, चेनकव्हर, मडगार्ड, डायनॅमो, सीट, तर थोडं जास्त द्यायला मी मागेपुढे पाहत नाही, कारण तेच नंतर शोधायला गेलं तर जास्त जाते. मूळ रंग आणि रेघा असतील, अर्ध्या उडालेल्या असल्या तरी, नवीन रंगाच्या सायकलीपेक्षा मी तिला जास्त मोल देतो.

आणि बोलताना माणूस पाहून बोला. समोर आजी असेल आणि सायकल तिच्या नवऱ्याची असेल तर "गंजलेली आहे, कोण घेते" असं म्हणून भाव पाडू नका. इतवारीत मी एक हर्क्युलस घेतली तेव्हा त्या आजीने आधी मला बसवलं, पाणी दिलं, यजमान कसे रोज संध्याकाळी ती पुसायचे ते सांगितलं, अर्धा तास गेला, आणि मग स्वतःहून आतून एक गाठोडं आणलं, त्यात मूळ पंप, पाने आणि दिव्याची काच होती. मी भावावर घासाघीस करत बसलो असतो तर ते गाठोडं बाहेर आलंच नसतं. चालू झाल्यावर मी ती त्यांच्या दारी नेऊन दाखवली, आजींनी घंटी वाजवून पाहिली.

कागद मागायला लाजू नका. जुनं बिल कोणाकडे नसते, चालते, पण एका कागदावर लिहून घ्या, कोणी कोणाला, कोणती सायकल, फ्रेम नंबर, किती रुपये, तारीख, दोघांच्या सह्या. फ्रेम नंबर घासून काढलेला दिसला किंवा माणूस सही करायला कां-कूं करून राहिला तर सायकल कितीही चांगली असो, हात लावू नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हाही गुन्हाच आहे, आणि कोणाच्या घरची सायकल अशी गेली असेल ते डोळ्यासमोर आणा.

घरी आणल्यावर

रंगकाम करायची घाई करू नका, हे मी हात जोडून सांगतो. आधी धुळीचा थर कपड्याने काढा, मग तेलाचा कपडा फिरवा, खाली किती मूळ रंग जिवंत आहे ते पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. क्रोमवरचा वरवरचा गंज घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून, पाण्यात बुडवून घासला की निघते, सँडपेपर लावू नका. मग सगळे छर्रे काढून, जुनं दगड झालेलं ग्रीस धुऊन, नवीन ग्रीस भरून घ्या, चारही जागी, दोन्ही हब, एक्सल, हँडल. तीन गिअरच्या हबमध्ये मात्र ग्रीस ठासू नका, त्याच्या छोट्या बुचातून पातळ मशीन ऑइल, महिन्याला काही थेंब. फोटो काढत खोला, म्हणजे वॉशर कोणत्या बाजूला होता यावर नंतर भांडण होत नाही.

नवीन कॉटर टाकले असतील तर ते पहिल्या आठवड्यात बसतात आणि नट ढिले पडतात. पन्नासेक किलोमीटर झाले की पाना घेऊन दोन्ही नट परत आवळा, मग महिन्याने पुन्हा एकदा, तेव्हाच स्पोकवरूनही हात फिरवून कोणता ढिला वाजते का ते ऐकून घ्या.